तलवारीची जन्मपत्रिका

खंडेनवमीच्या दिवशी घरातील जुनी तलवार खाली काढावी, तिचा गंज घासूनपुसून ती लखलखीत करावी आणि मग तिला गंधफूल वाहावे, ही चाल आपल्या अनेक जुन्या घरांतून चालत आलेली आहे. त्यामागील भाव आदराचाच असतो. परंतु हीच घासपूस एखाद्या प्राचीन जपानी तलवारीच्या वाट्यास आली, तर तिचे मोल क्षणार्धात मातीमोल होण्याचा संभव असतो. कारण त्या तलवारीची जन्मपत्रिका तिच्या गंजातच लिहिलेली असते.

जपानी पात्याचा जो भाग मुठीत दडलेला असतो, त्यास ‘नाकागो’ म्हणतात. लोहार आपली सही येथेच कोरतो. या भागाला कधीही झिलई करीत नाहीत. शतकानुशतके साचत गेलेला तेथील काळसर, घट्ट गंज पाहून जाणकार पात्याचे वय अजमावतो. कानशीच्या रेघा कोणत्या दिशेने ओढल्या आहेत, मूठ बसविण्याच्या खिळीसाठी किती भोके पाडली आहेत, सहीतील अक्षरांच्या कडा गंजाबरोबर जुन्या झाल्या आहेत की नाही, हे सारे तो बारकाईने न्याहाळतो. भाबड्या हौसेने कोणी हा भाग घासून उजळला, की ही साक्ष कायमची पुसली जाते.

आता कोणी विचारील, की लोहाराची सही असताना आणखी साक्ष ती कशाला हवी? खरी मेख येथेच आहे. जपानात तलवारीवर प्रसिद्ध लोहाराचे खोटे नाव कोरण्याचा उद्योग कित्येक शतके चालत आला. सतराव्या शतकात एदो नगरीत नावारूपास आलेल्या कोतेत्सु या लोहाराच्या नावाच्या तलवारी तर खऱ्यांपेक्षा खोट्याच अधिक, असे संग्राहक गमतीने म्हणतात. उलट चौदाव्या शतकाच्या आरंभी सागामी प्रांतात होऊन गेलेला मासामुने, ज्याचे नाव जपानात मुलांनाही ठाऊक असते, त्याच्या लांब तलवारींवर बहुधा सहीच आढळत नाही. त्यातच जुन्या लांब तलवारी पुढील काळी मुठीकडून कापून आखूड करण्याचा प्रघात पडला. त्या कापाकापीत अनेक अस्सल सह्या नाहीशा झाल्या. म्हणजे सही आहे म्हणून तलवार खरी नव्हे, आणि सही नाही म्हणून ती हलकीही नव्हे.

मग पारख करायची कशावरून? पात्यावरूनच. भट्टीत लोखंडाच्या वाळूपासून काढलेले पोलाद पुनःपुन्हा घडी घालून ठोकले जाते. त्यामुळे पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी वीण उमटते. पाणी देण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप चढवितात, तो धारेकडे पातळ व पाठीकडे जाड. तापलेले पाते पाण्यात बुडविले की धार झटकन निवते आणि कठीण होते, पाठ मात्र लवचीक राहते. या दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी शुभ्र लाट दिसते, तिला ‘हामोन’ म्हणतात. प्रत्येक प्रांताची, प्रत्येक घराण्याची ही लाट निराळी. यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच परंपरा जाणकारांच्या जिभेवर असतात, जशी आपल्या गाणाऱ्यांच्या जिभेवर घराणी असावीत तशी. जपानात पारखींच्या बैठकी भरतात. तेथे मुठीतील भाग झाकून पाते पुढे ठेवतात आणि केवळ पाते पाहून लोहाराचे नाव कागदावर लिहावयाचे असते. आधी पाते, मग नाव, हा त्या बैठकींचा धडा होय.

या पारखीला अधिकृत रूप दिले ते होन्नामी घराण्याने. तलवारींना झिलई करणे व त्यांची परीक्षा करणे हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. आपल्याकडील शिकलगारांशी त्यांचे थोडे साम्य आहे, परंतु त्यांचा मान राजदरबारी होता. तलवार परीक्षून ते घडी घातलेल्या जाड कागदावर अभिप्राय व किंमत लिहून देत. त्या घडीच्या कागदास ‘ओरिगामी’ म्हणत. कागदाचे पक्षी करण्याच्या कलेलाही हेच नाव आहे. आजही तलवारीच्या दाखल्यास हाच शब्द चालतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली जपानातील शस्त्रे जप्त होऊ लागली. त्यात सैन्यासाठी कारखान्यात काढलेल्या तलवारींबरोबर घराण्यांच्या वंशपरंपरागत ठेवीही गेल्या. कलावस्तू म्हणून ज्या राखण्याजोग्या होत्या, त्या वाचविण्याची खटपट झाली, आणि १९४८ साली जपानी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली. ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ हे तिचे नाव. टोकियोतील र्‍योगोकु भागात तिचे तलवारींचे संग्रहालय आहे. तिचे परीक्षक मंडळ तलवार पाहून दाखला देते. ‘होझोन’, ‘तोकुबेत्सु होझोन’, ‘जूयो’ आणि ‘तोकुबेत्सु जूयो’ अशा त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. ही पद्धत १९८२ पासूनची. त्यापूर्वीच्या दाखल्यांवर आज जाणते संग्राहक डोळे मिटून विसंबत नाहीत. तलवार पुन्हा परीक्षेस पाठवितात.

येथे नवख्या माणसाची एक फसगत नेहमी होते. जपानात प्रत्येक तलवारीसोबत सरकारी नोंदणीचे पत्रक असते. त्यावर लांबी, भोकांची संख्या आणि सही यांची नोंद असते. विक्रेता ते पत्रक अस्सलपणाचा पुरावा म्हणून पुढे करतो. वस्तुतः ते केवळ कायदेशीर नोंद दाखविते. सही खरी की खोटी, याविषयी ते मौन असते. तलवार देशाबाहेर न्यावयाची तर सांस्कृतिक खात्याचा परवानाही लागतो, आणि राष्ट्रीय ठेव्यांत गणलेली तलवार कोणत्याही किमतीस देशाबाहेर जाऊ शकत नाही. आपल्याकडे शस्त्रविषयक कायदे वेगळे आहेत. अशी वस्तू आणण्याआधी त्यांची चौकशी करणे शहाणपणाचे.

तथापि संग्रहाचा खरा प्रश्न दाखल्याने सुटत नाही. तोकुगावा घराण्याकडील ‘होंजो मासामुने’ ही कीर्तिमान तलवार १९४५ च्या अखेरीस टोकियोतील एका पोलीस ठाण्यात जमा करण्यात आली. तेथून ती जी गेली, ती अद्याप सापडलेली नाही. कुठल्या परक्या घराच्या माळ्यावर ती पडली असेल, की वितळून गेली असेल, कोण सांगणार!

याच्या उलट दुसरी एक कथा आहे. अमेरिकेतील वॉल्टर कॉम्प्टन हे औषधनिर्मितीच्या व्यवसायातील गृहस्थ जपानी तलवारींचे निष्ठावंत संग्राहक होते. त्यांच्या हाती तेराव्या शतकातील बिझेनचा लोहार कुनिमुने याची एक तलवार आली. अभ्यासान्ती कळले, की ती कागोशिमा येथील तेरुकुनी देवस्थानाची, युद्धोत्तर धामधुमीत हरवलेली राष्ट्रीय ठेव आहे. दाम देऊन घेतलेली वस्तू. ती आपली म्हणावयास कोणाची हरकत होती? परंतु कॉम्प्टन यांनी १९६३ साली, एक पैचाही मोबदला न घेता, ती देवस्थानास परत केली. पुढे १९९० मध्ये ते निवर्तले आणि १९९२ साली न्यूयॉर्क येथे त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यातील तलवारी जगभर पांगल्या, परंतु संग्राहकांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते ते त्या परत केलेल्या तलवारीमुळे.

खरेखोटे पारखण्याची विद्या केवळ किंमत ठरविण्यासाठी नसते. वस्तू नेमकी कोणती, हे कळले की ती कोणाची, हेही कळू लागते, आणि मग परीक्षा तलवारीची उरत नाही, आपली सुरू होते. तेव्हा वाचकहो, येत्या खंडेनवमीला घरातील जुने पाते खाली काढाल, तेव्हा घासण्यापूर्वी घटकाभर ते नुसते पाहा. मुठीपाशी, गंजाखाली, कोणी काही लिहून ठेवले असेल. ते वाचता येईपर्यंत पुसू नये, इतके तरी आपण त्या अनामिक लोहाराचे देणे लागतो.