गवत लाल का?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या पाँत-आव्हाँ गावी राहून पॉल गोगँने १८८८ साली एक चित्र रंगवले. पांढऱ्या टोप्या घातलेल्या शेतकरी बायका नुकत्याच प्रवचन ऐकून आल्या आहेत. कुणी हात जोडलेत, कुणी डोळे मिटलेत. समोर बायबलमधला याकोब देवदूताशी झुंजतो आहे आणि जमीन चक्क शेंदरी लाल!

गोगँला हिरवे गवत दिसले नसेल का? दिसले असणारच. चित्रात गाय आहे, झाडही आहे. त्या झाडाचे तिरके खोड बायकांना झुंजीपासून वेगळे करते. ही झुंज आणि तो देखावा प्रार्थना करणाऱ्यांच्या कल्पनेतच आहे, असे त्याने व्हॅन गॉगला पत्रातून कळवले होते. मग मनातल्या जमिनीला गवताचा रंग कशाला?

शेअर बाजार सोडून चित्रकार झालेला हा माणूस तसा हट्टीच. जवळच्या निझाँ गावातल्या चर्चला त्याने हे चित्र भेट देऊ केले. पाद्रीबाबांनी ते नाकारले. ज्या बायकांच्या श्रद्धेचे ते चित्र, त्यांच्या चर्चच्या भिंतीवर ते कधी लागलेच नाही. आता ते स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.