वेळ अमावस्येची भज्जी आणि माझे चार घास

शस्त्रक्रिया करून मी हैदराबादहून नांदेडला परतले, त्या आठवड्यात घरात फळांच्या सात पिशव्या जमा झाल्या. संत्री, सफरचंदे, द्राक्षे आणि अर्धापूरच्या केळ्यांची अख्खी फणी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचे ते फळे घेऊनच. मी मात्र तेव्हा चमच्याने पातळ ताक पीत होते. त्या पिशव्यांतले एकही फळ माझ्यासाठी नव्हते.

वजन 118 किलो, जोडीला मधुमेह आणि कुरकुरणारे गुडघे. 2011 साली नितीन गडकरी यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरात या विषयाचे पहिल्यांदा नाव निघाले. माझी पाळी बऱ्याच वर्षांनी आली. माझ्या शस्त्रक्रियेला ‘स्लीव्ह’ म्हणतात. तीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती साधारण केळ्याच्या आकाराची नळी.

या नळीला अन्नाची ओळख नव्याने करून द्यावी लागते. आधी पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग दाट पातळ, मग घोटलेले, मग मऊ आणि शेवटी नेहमीचे जेवण. हे सारे काही आठवड्यांत, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील त्या बेताने. प्रत्येकाचे वेळापत्रक थोडे वेगळे. मला नवल वाटले ते एका गोष्टीचे. जन्मभर ‘फळे खा, भाज्या खा’ असे ऐकले आणि इथे कच्च्या भाज्या व सालीची फळे रांगेत सर्वांत मागे!

कारण समजल्यावर पटले. भाजीतला चोथा माणसाचे पोट पचवू शकत नाही. मोठे जठर घुसळून घुसळून तो पुढे ढकलते. लहान नळीत तो अडकू शकतो, क्वचित त्याचा गोळाही बनतो. शिवाय जागाच मूठभर. ती काकडीने भरली तर डाळ, दही, अंड्यातली प्रथिने कुठे ठेवायची? दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणून घास आधी वरणाचा, मग भाजीचा. वरणाची तूर लातूरच्या बाजारची, तेवढीच माहेरची सोबत.

सुरुवात केली दुधी आणि लाल भोपळ्याने. साल-बिया काढून, उकडून, घोटून. मग दोडका, शिरा काढलेला. सफरचंद सोलून वाफवलेले, पिकलेली पपई, अर्धे केळे. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही दोन चमचे, म्हणजे बाधले तर काय बाधले ते कळते. रस मात्र नाही. साखर तेवढी पोटात जाते, भूक भागत नाही.

सहाव्या आठवड्यात मी चुकले. शेजारच्या काकूंनी संत्रे सोलून हातावर ठेवले. “खा माय, एवढ्यानं काय होतंय?” पापुद्र्यासकट दोन फोडी गिळल्या. दहा मिनिटांत छातीच्या मध्यभागी दगड बसल्यासारखे झाले, तोंडाला पाणी सुटत राहिले, शेवटी उलटी. काकू घाबरून रडायला लागल्या. त्यांची माया खोटी नव्हती. मलाच ‘नको’ म्हणता आले नव्हते.

त्यानंतर शिकले. घास बोटाच्या पेराएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. मेथी-पालक कोवळी पाने खुडून, देठ टाकून. गवार, शेवगा, मका लांबच. तरी भाजी कायमची टाळायची नसते. अन्न आणि पाणी कमी झाले की बद्धकोष्ठ होते, तेव्हा हाच चोथा कामाला येतो. जीवनसत्त्वे आणि लोहाच्या गोळ्या मात्र जन्मभर. भाजी त्यांची जागा घेत नाही.

सहा महिन्यांनी वेळ अमावस्या आली. माहेर औसा तालुक्यात. शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, पालेभाज्या, चिंचेचा कोळ आणि बेसन यांची ती भज्जी म्हणजे आमच्या लातूरकडची सारी रब्बी एका पातेल्यात. या दिवशी ताटातून हात मागे घेणे म्हणजे यजमानाचा अपमान, अशी आमच्याकडची रीत.

आईने माझ्यासाठी भज्जी वेगळी जास्त शिजवली होती, देठ काढून, दाणे ठेचून. मी चार घास खाल्ले, सावकाश. मागची पंगत उठली तरी माझे चालूच होते. अर्ध्या तासाने घोटभर आंबील घेतली. काही अडकले नाही.

आईच्या हातात पळी तशीच होती. पन्नास वर्षे तिने पंगतीत ‘घे, आणखी घे’ एवढेच म्हटले आहे. त्या दिवशी ती माझ्याजवळ वाकली आणि म्हणाली, “पुरे का माय?”

मी म्हटले, “पुरे.” तिने पळी पातेल्यात ठेवली. मला वाटते, त्या दिवशी तिने माझ्याहून मोठे पथ्य पाळले.