वऱ्हाडांतील वाळ्याची ताटी

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या हिवरखेडास वैशाखांत हवा अत्यंत कोरडी असते. म्हणूनच तेथें वाळ्याची ओली ताटी गुणकारी ठरते. ताटीवरील पाण्याची वाफ होतांना हवेंतील उष्णता शोषिली जाते; आजच्या कूलरचें तत्त्वही हेंच. ही युक्ति जुनी आहे. १५९६ मध्यें वऱ्हाड ज्याच्या अंमलाखालीं गेलें, त्या अकबरानें वाळ्याचीं दालनें करविल्याचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त आढळतो. ताटी वाऱ्याच्या दारास बांधावी व समोरील खिडकी उघडी ठेवावी. पाऊस लागतांच ती काढावी, कारण दमट हवेंत तिचा उपयोग होत नाहीं. पोथ्यांच्या संग्राहकांनीं मात्र एक ध्यानांत ठेवावें : ओलाव्यानें कागदास बुरशी येते, काजळाची शाई पसरते. सबब ज्या खोलींत ताटी, त्या खोलींत दप्तर नसावें.