चाकाचा तोल टिकत का नाही?

कांद्याच्या हंगामात आमच्या ट्रकने पुरते छळले. काटा ताशी 50 च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरू लागे. बॅलन्सिंग करून आणावे, चार दिवस बरे जावेत, की पुन्हा तेच. दोनदा पैसे गेले. पुढचा टायर जागोजागी खाल्ला गेला तो वेगळाच.

तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने यंत्राला हातच लावला नाही. पान्ह्याच्या टोकाने रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडून काढला. "वजने चिखलासकट तोलून ठोकलीत," तो म्हणाला. म्हणजे चिखल गळून पडला की तीच वजने चाकाचा तोल बिघडवणार! शेतातून गाडी काढणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. आधी रिम आतून-बाहेरून धुवावी, जुनी वजने काढावीत, मगच बॅलन्सिंग.

तरीही थरथर राहिली तर गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचे चाक जॅकवर घ्या. गाडीखाली मात्र शिरू नका. टायरला अगदी लागून वीट ठेवा व चाक फिरवा. फट कमीजास्त होत असेल तर टायर किंवा रिम वाकडी आहे. कितीही वजने ठोका, उपयोग नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग ढिले किंवा किंगपिन झिजलेली.

आमच्या गाडीला धुण्यानेच गुण आला. आता बाजाराला निघण्याआधी थोरला चिरंजीव पाण्याचा पाइप घेऊन चाकांपाशी बसतो.