कडव्यांमधली जागा कुठे गेली?

मागच्या अंकाची वेबपानं मी तयार केली होती. अंक निघाला त्याच संध्याकाळी प्रथम वर्षाच्या एका मुलीचा फोन आला. तिची पहिलीच कविता आपण घेतली होती. तिच्या बाबांनी ती त्यांच्या जुन्या मोबाईलवर उघडली आणि विचारलं, "कविता म्हणालीस ना? हा तर निबंध दिसतोय!"

तिने स्क्रीनशॉट पाठवला. चारही कडवी एकमेकांना चिकटली होती. ओळी लांब, स्क्रीन लहान, त्यामुळे सगळा एकच ठोकळा झालेला. शब्द एकही गळला नव्हता. पण तिसऱ्या कडव्याआधी ती मुद्दाम थांबली होती, आणि तो थांबाच नाहीसा झाला होता. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं नीटनेटकं. त्या रात्री मी कारण शोधत बसले. जे कळलं ते इथे मांडते, कारण पुढचा अंक तुमच्यापैकीच कुणीतरी करणार आहे.

वेबपानाचा मजकूर एका फाइलमध्ये असतो आणि तो कसा दिसावा याच्या सूचना दुसऱ्या फाइलमध्ये. या सूचनांच्या फाइलला स्टाइलशीट म्हणतात, आणि त्या ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस. हाकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये तिची कल्पना मांडली, आणि १९९६ च्या डिसेंबरात तिचं पहिलं अधिकृत रूप आलं. जुन्या छापखान्यात संपादक कागदाच्या कडेला सूचना लिहायचा आणि खिळे जुळवणारा त्या वाचून पान लावायचा. इथे संपादक आपण, आणि जुळारी म्हणजे वाचकाचा ब्राउझर. फरक एवढाच, की इथे प्रत्येक वाचकाचा जुळारी वेगळा.

सुरुवातीला हे जुळारी एकाच सूचनेचा अर्थही वेगवेगळा लावायचे. चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल, आत दोन्ही बाजूंना २० पिक्सेल मोकळी जागा आणि ५ पिक्सेलची किनार, असं सांगितलं तर नियमाप्रमाणे चौकट एकूण ३५० पिक्सेल व्हायला हवी. इंटरनेट एक्सप्लोरर ५ विंडोजवर ती ३०० मध्येच बसवायचा. म्हणून तेव्हाचे लोक ब्राउझरचं नाव ओळखून प्रत्येकासाठी वेगळ्या सूचना लिहीत. आज असे मतभेद बरेच कमी झालेत. आताचा प्रश्न मुख्यतः वयाचा आहे: नवी सूचना जुन्या ब्राउझरला माहीतच नसते.

अशा वेळी ब्राउझर काय करतो? सीएसएसचा नियम साधा आहे: जी सूचना कळत नाही ती सोडून द्यायची आणि पुढे जायचं. पान बंद पडत नाही, तक्रारही येत नाही. हा नियम आपल्या कामी येतो. समजा, मुखपृष्ठाची उंची स्क्रीनभर हवी आहे. आधी जुन्या व्हीएच एककात उंची लिहायची, लगेच खालच्या ओळीत नव्या डीव्हीएच एककात. जुना ब्राउझर दुसरी ओळ सोडतो आणि पहिली पाळतो. नव्याला दोन्ही कळतात, पण त्याच्याकडे शेवटची ओळ जिंकते. क्रम उलटा केलात, तर नव्या ब्राउझरलाही जुनीच सूचना मिळेल. म्हणून आधी सगळ्यांना कळेल असं साधं, मग नवं.

मग माझं चुकलं कुठे? कडवी मी फ्लेक्स पद्धतीने एकाखाली एक लावली होती आणि त्यांच्यातलं अंतर 'गॅप' या सूचनेने दिलं होतं. ही सूचना ग्रिड पद्धतीत आधी आली. फ्लेक्ससाठी ती क्रोममध्ये २०२० साली आणि सफारीत २०२१ साली आली. बाबांच्या मोबाईलमधला ब्राउझर त्याआधीचा होता. त्याने कडवी लावली आणि अंतर सोडून दिलं. मी दुसरी, साधी सूचना लिहिलीच नव्हती.

यात आणखी एक खोच आहे. 'ॲट-सपोर्ट्स' वापरून ब्राउझरला विचारता येतं, "तुला अमुक सूचना येते का?" नाव विचारण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण गॅपबद्दल विचारलं तर असा मधल्या काळातला ब्राउझर 'हो' म्हणतो, कारण ग्रिडमध्ये त्याला ती येत असते! फ्लेक्सचं वेगळं विचारायची सोय नाही. म्हणजे विचारून भागत नाही, खऱ्या जुन्या मोबाईलवर पान उघडून बघावंच लागतं.

शेवटी उपाय एका ओळीचा निघाला. फ्लेक्स आणि गॅप दोन्ही काढले आणि प्रत्येक कडव्याखाली 'मार्जिन' दिलं. ही सूचना सीएसएसच्या पहिल्या रूपापासून आहे. कडवी एकाखाली एक तर आपोआपच येतात, त्यासाठी फ्लेक्सची गरजच नव्हती. मी ते वापरलं, कारण नवीन शिकले होते.

आता अंक निघण्याआधी मी दोन गोष्टी करते. स्टाइलशीट पूर्ण काढून पान वाचून बघते, आणि मंडळातल्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर ते उघडते. रंग, सावल्या, गोल कोपरे जुन्या मोबाईलवर नाही दिसले तरी चालतील. कडवं कुठे संपतं ते मात्र दिसलंच पाहिजे.

दुरुस्त पान मी तिला पाठवलं. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: "बाबांनी परत वाचली. आता तिसऱ्या कडव्यापाशी थांबले."