‘हाय खाल्ली’ म्हणजे काय झालें?

एखाद्या घरांतील वृद्ध गृहस्थ वारतात. दिवसवार उरकतात, पाहुणे आपापल्या गांवीं परततात, आणि महिना लोटतो न लोटतो तोंच त्यांची पत्नीहि, अंथरुणाला न खिळतां, एकाएकीं निघून जाते. शेजारीपाजारी म्हणतात, “बाईंनीं हाय खाल्ली.” या दोन शब्दांत मराठी माणसानें मृत्यूचें सबंध निदान करून टाकलेलें असतें. सुशिक्षित घरांतून मात्र या निदानाला फारशी किंमत मिळाली नाहीं. काळजाचें पाणी होणें, ऊर फुटणें, काळजाला घरें पडणें हे जसे बोलण्याचे अलंकार, तशीच ही हाय. हृदय म्हणजे स्नायूंचा पंप, त्याला सुखदुःख काय कळणार, अशी एक समजूत होऊन बसली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वैद्यकानें जें पाहिलें आहे तें या समजुतीच्या पार उलट आहे.

तशी खूण फार पूर्वींच मिळाली होती. अठराव्या शतकांतील जॉन हंटर हा लंडनचा विख्यात शस्त्रवैद्य. त्याला छातींत कळ येण्याची व्याधि जडली होती, आणि रागाच्या भरांत ती हटकून उठते हें त्याच्याच ध्यानांत आलें होतें. आपल्याला चिडवावयास निघालेल्या कोणाहि उपटसुंभाच्या हातीं आपला जीव आहे, असें तो म्हणत असे. १७९३ च्या १६ ऑक्टोबरला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या सभेंत त्याच्या बोलण्याला कोणी विरोध केला. हंटरनें राग गिळला, तो सभेंतून उठून शेजारच्या खोलींत गेला आणि तेथेंच गतप्राण होऊन पडला. शवपरीक्षा झाली तेव्हां हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या हाडासारख्या कठीण झालेल्या आढळल्या. म्हणजे धमन्या आधींच बिघडलेल्या होत्या; रागानें शेवटचा धक्का दिला. या दोहोंपैकीं एकच गोष्ट लक्षांत ठेवणारे पुष्कळ भेटतात, आणि तेथेंच घोटाळा होतो.

राग मनांत उठतो, मग तो धमनीपर्यंत पोंचतो कसा? हार्वर्ड विद्यापीठांतील वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याचा मार्ग दाखविला आहे. भय किंवा संताप उत्पन्न होतांच मेंदूकडून मज्जातंतूंच्या द्वारें आज्ञा सुटते, मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तांत उतरतें, नाडी धांवूं लागते, रक्ताचा दाब चढतो, रक्त लवकर गोठण्याच्या तयारींत राहतें. समोर वाघ उभा असतां झुंजावयाचें किंवा पळावयाचें, या दोहोंसाठीं ही सिद्धता उत्तम होय. पण शरीराला वाघ आणि सावकाराचें पत्र यांतील भेद कळत नाहीं. शिवाय वाघ येतो आणि जातो. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो.

असा धक्का एकाच क्षणीं सबंध शहराला बसला तर काय होतें, हेंहि पाहावयास मिळालें आहे. १९९४ च्या १७ जानेवारीला पहांटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या परिसरांत मोठा भूकंप झाला. त्यापूर्वींच्या आठवड्यांत तेथें हृद्रोगानें एकाएकीं दगावणाऱ्यांची संख्या दिवसाला सरासरी ४.६ होती; भूकंपाच्या दिवशीं ती २४ झाली. या २४ जणांत अंगमेहनत करतांना कोसळलेले अवघे ३ होते. बाकीच्यांच्या बाबतींत नेहमींपेक्षां अधिक श्रम झाल्याचें दिसलें नाहीं. पुढील सहा दिवसांत हीच संख्या २.७ पर्यंत खालीं आली. ज्यांचीं हृदयें आधींच कमकुवत होतीं त्यांतील कांहींना भूकंपानें थोडें आधीं नेलें, असा याचा अर्थ निघतो. हंटरच्या बाबतींत घडलें तेंच येथें अनेकांच्या बाबतींत घडलें.

परंतु हाय खाल्लेल्या बाईंच्या धमन्या अगदीं स्वच्छ असल्या तर? या प्रश्नाचें उत्तर जपानांतून आलें. १९९० सालीं हिरोशिमा येथील डॉ. हिकारू सातो व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं चमत्कारिक रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या छातींत कळ होती, कार्डिओग्राम हृदयविकाराच्या झटक्याचा दिसत होता, पण धमन्या कोठेंहि तुंबलेल्या नव्हत्या. हृदयाचा खालचा भाग मात्र फुगून निश्चल झाला होता आणि वरचा जोरानें आकुंचन पावत होता. गळा अरुंद आणि बूड गोल असें जें मडकें जपानी कोळी ऑक्टोपस नांवाचा आठ भुजांचा जलचर धरण्यासाठीं समुद्रांत सोडतात, त्याचा हा हुबेहूब आकार. त्या मडक्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. तेंच नांव या विकाराला मिळालें.

पुढें २००५ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनीं अशा १९ रोग्यांचें वर्णन केलें. त्यांत १८ स्त्रिया होत्या. कोणाला आप्ताच्या मृत्यूची वार्ता समजली होती, कोणाला अपघाताची भीति बसली होती. एकीला तर तिच्या स्नेह्यांनीं अवचित दिलेली मेजवानी भोंवली होती. अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीचीं द्रव्यें त्यांच्या रक्तांत, हृदयविकाराच्या नेहमींच्या तीव्र झटक्याच्या रोग्यांपेक्षांहि दुपटी-तिपटीनें अधिक सांपडलीं. हा विकार विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतरच्या वयांतील स्त्रियांना होतो. बहुतेकांचें हृदय कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत् होतें. कांहीं मात्र दगावतात. आणि सारा दोष शोकाचाच असेंहि नाहीं. भावनेच्या आघातानें आजारी पडलेल्या ४८५ जणांची नोंद २०१६ सालीं पुढें आली, तींत २० जणांना आनंदाचाच धक्का बसला होता. आनंदानें ऊर भरून येतो, या म्हणण्यालाहि शरीरांत जागा आहे म्हणावयाची.

हें झालें एका घावाविषयीं. रोजची कुरकुर, झुरणी, एकटेपण यांचें काम संथपणें चालतें. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ नांवाच्या पाहणींत हिंदुस्थानांतील रोगीहि होते. तिचे प्रमुख डॉ. सलीम युसुफ मूळचे केरळचे. हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या सुमारें १५,००० लोकांची तितक्याच निरोगी लोकांशीं तुलना केली असतां, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह इत्यादि नऊ मुख्य कारणांत मनावरील ताणाचाहि समावेश करावा लागला. आजारी मनुष्य मागें वळून दुःखें शोधतो, तेव्हां अशा उत्तरांत थोडी अतिशयोक्ति असणार, ही शंका रास्त आहे. म्हणून २०१७ सालच्या एका शोधाला महत्त्व येतें. त्यांत २९३ लोकांच्या मेंदूंतील भयाचें केंद्र यंत्रानें तपासून पुढें कांहीं वर्षें त्यांच्यावर लक्ष ठेवण्यांत आलें. ज्यांचें हें केंद्र अधिक जागृत, त्यांची अस्थिमज्जाहि अधिक चाळवलेली, त्यांच्या धमन्यांचा दाह अधिक, आणि त्यांनाच पुढें हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार अधिक झाले. चिंताग्रस्त मनुष्याची झोंप उडते, विडी वाढते, औषधाची वेळ चुकते, हें तर सर्वांच्या पाहण्यांतलें आहे.

मग मन प्रसन्न केलें कीं हृदय सुधारतें काय? येथें उतावीळ होऊन चालत नाहीं. झटका येऊन गेलेल्या, उदास किंवा एकाकी झालेल्या २,४८१ रोग्यांवर अमेरिकेंत मानसोपचारांचा प्रयोग झाला. त्याचा निकाल २००३ सालीं लागला. उदासी कांहींशी हटली, पण मृत्यूचें किंवा नव्या झटक्याचें प्रमाण उतरलें नाहीं. उदासी हटणें हा लाभ कांहीं थोडाथोडका नव्हे. परंतु ‘तुम्ही फार काळजी करतां म्हणूनच हें झालें’ असें रोग्याला ऐकविणारे आप्त त्याच्यावर दुसरें ओझें लादतात. हंटरच्या धमन्या रागाविषयींच्या उपदेशानें मऊ झाल्या नसत्या.

याहून घातक चूक उलट बाजूची आहे. घरांत मृत्यु घडलेला असतो, गृहिणी छाती दडपल्याचें सांगते, आणि सभोंवारच्या बायका तिला पाणी देऊन ‘मनाला लावून घेऊं नका’ म्हणतात. ती कळ तुंबलेल्या धमनीची आहे कीं ताकोत्सुबोची, हें तिच्याकडे पाहून, फार काय नुसत्या कार्डिओग्रामवरूनहि, नक्की सांगतां येत नाहीं. धमन्या मोकळ्या आहेत हें अँजिओग्राफीनें पाहावें लागतें, आणि त्यासाठीं तिला तांतडीनें रुग्णालयांत न्यावें लागतें. तेथें डॉक्टर विचारतात, अलीकडे घरांत कांहीं घडलें काय? बरोबर आलेला मुलगा पुष्कळदां संकोचून गप्प बसतो. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या आंकड्यांशेजारीं ती हकीकतहि केसपेपरावर जावयास हवी. त्याचप्रमाणें दिवसवारांच्या गडबडींत तिच्या किती दिवसांच्या गोळ्या चुकल्या, हेंहि.