विश्लेषण : जुनी टेलिफोटो लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालते का?

हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारापुढे पहिला प्रश्न असतो लेन्सचा. नव्या, लांब पल्ल्याच्या चांगल्या लेन्सची किंमत अनेकदा लाखाच्या पुढे जाते. मग फिल्मच्या काळातली जुनी लेन्स किंवा टेलिकन्व्हर्टर हे पर्याय समोर येतात. ते कामी येतात, पण पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी तपासायला हव्यात.

लेन्स कॅमेऱ्यावर बसेल का?

निकॉनचा ‘एफ माउंट’ १९५९ पासूनचा आहे. मात्र १९७७ पूर्वीची, बदल न केलेली लेन्स बसवल्यास अनेक डिजिटल कॅमेऱ्यांचे नुकसान होऊ शकते. कॅननने १९८७ मध्ये ‘ईएफ माउंट’ आणला. त्याआधीच्या ‘एफडी’ लेन्सला सेन्सरपासून ४२ मिमी अंतर लागते. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ते ४४ मिमी असते. त्यामुळे साध्या अडॅप्टरने दूरचा पक्षी फोकसमध्ये येतच नाही. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने हे अंतर बरेच कमी असते. सोनी ई माउंटमध्ये ते १८, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमी आहे. उरलेली जागा अडॅप्टर भरून काढतो. म्हणूनच जुन्या लेन्सना पुन्हा मागणी आली.

ऑटोफोकस मिळेल का?

मुळात हाताने फोकस करायच्या लेन्सवर साध्या अडॅप्टरने ऑटोफोकस मिळत नाही. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी ३५०० किंवा डी ५६०० मध्ये ती नाही. अशा वेळी रिंग हातानेच फिरवावी लागते. मिररलेसमध्ये फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी ‘फोकस पीकिंग’ सोय आणि चित्र मोठे करून पाहण्याची सोय मदतीला येते.

टेलिकन्व्हर्टरने काय बदलते?

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा हा भाग प्रतिमा मोठी करतो, पण त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा प्रकाश कमी करतो. २ पटीच्या कन्व्हर्टरनंतर पाव प्रकाशच उरतो. ३०० मिमी एफ/४ लेन्स पहिल्यामुळे ४२० मिमी एफ/५.६, तर दुसऱ्यामुळे ६०० मिमी एफ/८ होते. अनेक डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा असतो. शिवाय प्रतिमेबरोबर लेन्सचे दोषही मोठे होतात. काही कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते, ती लेन्सच्या मागच्या काचेवर आदळू शकते. त्यामुळे जोडी जुळते का, हे आधी पाहावे.

हादऱ्याचे काय?

६०० मिमीला किमान १/६०० सेकंद शटर वेग ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. १.५ पट क्रॉप सेन्सरवर तो १/९०० होतो. आयएसओ वाढवणे किंवा भक्कम ट्रायपॉड वापरणे, हे दोन मार्ग उरतात. कॅमेऱ्यातच स्थिरीकरण असेल, तर मेन्यूत फोकल लेंथ स्वतः भरावी. कन्व्हर्टर लावला असल्यास वाढलेला आकडा टाकावा.

विकत घेताना काय पाहावे?

मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते. टॉर्चचा झोत लेन्समधून टाकल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. अशी लेन्स स्वस्तातही टाळावी. अ‍ॅपर्चरची पाती झटकन उघडतात-मिटतात का, ते पाहावे. स्वतःचा कॅमेरा सोबत नेऊन दूरची पाटी टिपावी आणि फोटो मोठा करून तपासावा. घरी लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी.

मग घ्यावी का?

फांदीवर बसलेला खंड्या किंवा पाण्यात उभा बगळा टिपायचा असेल, तर चांगली जुनी स्थिर फोकल लेंथची लेन्स आणि १.४ पटीचा कन्व्हर्टर ही जोडी पुरेशी ठरते. झेपावणारी घार टिपायची असेल, तर ऑटोफोकसला पर्याय नाही. झूम लेन्सवर २ पटीचा कन्व्हर्टर लावण्यापेक्षा मूळ फोटो कापून मोठा करणे अनेकदा बरे. पल्ला कमी पडला म्हणून घरट्याजवळ जाणे मात्र टाळावे. पक्षी विचलित होण्यापेक्षा फोटोत तो लहान दिसलेला चांगला.